नेरूळ, वाशी, तलावपाळी : पितळी वाद्यांच्या मागे

शुक्रवार

नेरूळच्या एका विद्यापीठाच्या आवारात पितळी वाद्यांचा महोत्सव भरणार, दिवसा तिथे कार्यशाळा आणि संध्याकाळी वाशी-ठाण्याच्या नाट्यगृहांत मैफली, असं भाच्याने कळवलं आणि मी शाळेत रजेचा अर्ज दिला. मी मिरजेची, शाळेत संगीत शिकवते. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत पंढरपूर भागातून आलेले भोपळे वाळत पडलेले असतात आणि दारादारातून तंबोरे जुळवण्याचा आवाज येत असतो. तारेचा नाद कानात मुरलेला. पितळ ऐकलं ते वरातीत, गणपतीत, रस्त्याच्या कडेला उभं राहून. समोर बसून, दुसरं काही न करता ऐकावं असं कधी जमलंच नव्हतं.

रात्रीच्या महालक्ष्मीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे, ठाण्याला ट्रान्स हार्बरची गाडी. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कारखाने आणि काचेच्या इमारती. नेरूळला भाचा घ्यायला आला होता, पाठीवर ट्रोम्बोनची लांबडी पेटी. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो.

आवारात शिरल्यावर पहिला आवाज आला तो जमिनीखालून. मुलं सरावाला तळघरातल्या पार्किंगमध्ये जातात. खांबाखांबाआड एकेक जण उभा, कोणी ट्रंपेट घेऊन, कोणी हॉर्न, आणि प्रत्येकाचा स्वर छताला आपटून दुसऱ्याच्या स्वरात मिसळतोय. "आत्या, इथे दोन मिनिटं वाजवलं की आपण फार भारी वाजवतो असं वाटतं, म्हणून सर इथे जास्त वेळ थांबू देत नाहीत," भाचा म्हणाला. सरांचं बरोबर आहे. घुमणाऱ्या जागेत गळासुद्धा आपले दोष लपवतो.

कार्यशाळा घ्यायला जर्मनीहून पाच जण आले होते: दोन ट्रंपेट, एक हॉर्न, एक ट्रोम्बोन, एक खर्जाची ट्यूबा. पहिला तासभर त्यांनी मुलांना वाद्याला हातच लावू दिला नाही. नुसता माउथपीस घ्यायचा, ओठ जुळवायचे आणि फुंकरीने ते थरथरवायचे. पितळी वाद्यात स्वर जन्मतो तो ओठांत. नळी त्याला मोठं करते, आकार देते. म्हणून सॅक्सोफोन सगळा पितळेचा असूनही या घराण्यात बसत नाही, तिथे ओठांऐवजी वेताची पट्टी थरथरते. आणि शंख, ज्यात धातूचा कणही नाही, तो मात्र बसतो. ट्यूबावाल्याने हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "मग आमची तुतारी?" तो म्हणाला, अर्थात, सख्खी बहीण.

मग त्याने ट्रंपेटवाल्याला एकही कळ न दाबता वाजवायला सांगितलं. साधारण दीड मीटरची नळी, बोटं स्थिर, फक्त ओठांचा ताण वाढवत न्यायचा. खालून वर स्वर निघत गेले आणि मी सवयीने सरगम म्हणू लागले: सा, प, सा, ग, प. त्यापुढे थोडा उतरलेला कोमल निषाद, मग पुन्हा सा. यांच्या मधले स्वर ती नळी तशी देतच नाही.

त्यातला ग, म्हणजे गंधार, ऐकून मी खुर्चीत पुढे सरकले. तो माझ्या ओळखीचा होता. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू म्हणतो. विद्यार्थ्यांना तो ऐकू यायला लागला की त्यांचे चेहरे बदलतात, हे मी दरवर्षी पाहते. तोच गंधार इथे पितळेच्या नळीतून उघडपणे वाजत होता, हार्मोनियमच्या पेटीवरच्या गंधारापेक्षा जरासा उतरलेला, अगदी तंबोऱ्यातल्यासारखा. तार ताणा की नळी फुंका, कंप पावणारी गोष्ट स्वतःचे दोन, तीन, चार, पाच भाग करते, आणि पाचव्या भागापाशी गंधार उभा असतो. मी हे भाच्याकरवी त्या पाहुण्यांना सांगितलं आणि फोनवरचा तंबोरा लावला. हॉर्न वाजवणाऱ्या बाईंनी त्यावर आपला गंधार धरला. खोलीतल्या मुलांनी बोलणं थांबवलं. फोनचा तंबोरा तो, त्याची काय मातब्बरी, पण स्वर जुळला होता.

कळांचा शोध त्यानंतर मला नीट समजला. १८१८ मध्ये प्रशियात श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. मधली कळ दाबली की नळी थोडी लांबते आणि स्वर अर्ध्या पायरीने उतरतो, पहिलीने एक पायरी, तिसरीने दीड. तीन कळांच्या जोड्या करून मधले सगळे स्वर हाती येतात. ट्रोम्बोनला कळा नाहीत, त्याची नळी हाताने सरकवायची आणि सात जागा अंगात मुरवायच्या. भाच्याला मी विचारलं की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाणं, काढतोस का. तो म्हणाला, काढता येते, पण सर तशी वाजवू देत नाहीत, नोटेशनमध्ये लिहिलेली असेल तरच.

रात्री जेवून आवाराबाहेर पडलो तर लांबून ट्रंपेट ऐकू आलं. महोत्सवातलं नव्हतं. आवाजाच्या रोखाने चालत गेलो तो करावे गावात पोचलो. सिडकोने ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसवली, त्यांतली गावठाणं अजून उंच इमारतींच्या मध्ये जिवंत आहेत. आगरी घरातली हळद होती. मांडवापुढे ब्रास बँड: दोन ट्रंपेट, सॅक्सोफोन, एक जुनं युफोनियम (लहान ट्यूबासारखं, खालचे स्वर भरणारं), साईड ड्रम, बिग ड्रम, झांज, आणि चाकांच्या गाडीवर कीबोर्ड नि ऑक्टोपॅड. उरण, पनवेल, अलिबागकडे आगरी-कोळी लग्नात ब्रास बँड नसेल तर हळद अडल्यासारखीच. घरच्या एका आजींनी आम्हाला अनोळखी पाहूनही हाताला धरून आत घेतलं. "कुठशी आयलाव? बसा, जेवल्याशिवाय जाव नका."

बँड थांबला आणि धवलारीण बाईंनी धवला उचलला. लग्नातल्या प्रत्येक विधीचं गाणं त्यांच्या तोंडपाठ. स्वर सगळे मिळून पाचच, पण मधल्या गंधाराला त्या अशा काही खालून येऊन भिडत होत्या की तो कोमल म्हणावा की शुद्ध, ठरवता येऊ नये. त्यांचं कडवं संपलं तसं ट्रंपेट वाजवणाऱ्या मास्तरांनी तीच ओळ उचलली. कळ अर्धीच दाबून, ओठ सैल सोडून, त्यांनी तो गंधार बाईंच्याच जागेवर नेऊन ठेवला. मी भाच्याचा दंड धरला. सकाळी जे कोणी शिकवलं नव्हतं ते हे होतं. साठीचे गृहस्थ, गळ्याभोवती घामाने भिजलेला रुमाल, आणि पितळेतून गायकी अंग.

त्यांच्याशी बोलायला हळद उतरेपर्यंत थांबलो. वडिलांकडून शिकले, नोटेशन वाचत नाहीत, "गाणं दोनदा ऐकायचं, तिसऱ्यांदा वाजवायचं." युफोनियमवर मेरठच्या कारखान्याची खूण होती. देशातली बहुतेक बँडची वाद्यं तिकडच्या जली कोठी भागातून येतात. युफोनियम वाजवणारा मुलगा मात्र मिळत नाही, ही त्यांची मोठी काळजी. ट्रंपेट सगळ्यांना हवं, ते पुढे असतं. खालचा भरणा कोण करणार? "खालचा गेला की बँड पोकळ वाजतो, मग लोक डीजे सांगतात." सोमवारी सकाळी तालमीला या म्हणाले.

शनिवार

पामबीच रोडमागच्या पाणथळीत रोहित पक्षी होते. छान होते. मन कालच्या धवल्यात असल्याने फार रेंगाळले नाही.

दुपारच्या व्याख्यानात ब्रास बँडचा इतिहास सांगितला. १९व्या शतकात इंग्लंडच्या गिरण्यांतले आणि खाणींतले कामगार संध्याकाळी कॉर्नेट (ट्रंपेटसारखंच, पण आखूड), युफोनियम, ट्यूबा घेऊन बसत. कळांची वाद्यं स्वस्त झाली होती, आणि बोटांची पद्धत सगळ्यांना सारखी असल्याने कॉर्नेटवाल्याला उद्या युफोनियमवर बसवता येत असे. आजही तिथल्या बँडमध्ये पंचवीसेक वादक असतात. आपल्याकडे हीच वाद्यं पलटणींबरोबर आली, मग संस्थानिकांच्या दारात, मग रस्त्यावर. वक्त्याने हा शेवटचा टप्पा एका वाक्यात उरकला, ते मला लागलं. दीडशे मीटरवर करावे गाव नसेल, पण दीड किलोमीटरवर नक्की आहे. प्रश्नोत्तरांत मी उठून काल रात्रीचं सांगितलं, मास्तरांच्या गंधाराबद्दलही. आयोजकांपैकी एका तरुण प्राध्यापिकेने चहाच्या वेळी येऊन मास्तरांचा नंबर माझ्याकडून घेतला, एवढं समाधान.

संध्याकाळी वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह. भावे आमच्या शेजारच्या सांगलीचे. १८४३ साली त्यांनी तिथे 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणलं आणि मराठी नाटक सुरू झालं. युफोनियम आणि अडॉल्फ सॅक्स या कारागिराची वाद्यंही, सॅक्सोफोन त्यांतलाच, युरोपात त्याच दशकात तयार झाली. म्हणजे त्यांच्या नावाच्या सभागृहात वाजणारी ही वाद्यं वयाने मराठी रंगभूमीच्याच बरोबरीची.

सुरुवातीला वीसेक वादक मंचावर बसून वाद्यांत नुसती हवा फुंकत राहिले, आवाज न काढता. शेजारचे काका चुळबुळ करू लागले. कारण होतं एसीचं. नळीतली हवा गार असली की स्वर उतरतो, तापली की चढतो. थंड सभागृहात दोन मिनिटं वाद्य मांडीवर ठेवलं तरी ते खाली सरकतं, म्हणून तोंडची ऊब आत चालू ठेवायची. तंबोऱ्याचं याच्या उलट: उकाड्यात तार सैल पडते आणि स्वर उतरतो. दोन्हींची मैफल एकत्र करायची तर जुळवणाऱ्याची परीक्षाच.

पहिला अर्धा भाग पाश्चात्त्य रचनांचा होता. नीटस, चोख, आणि मला जरा कोरडा वाटला. मुलं कागदावरून नजर काढत नव्हती. दुसऱ्या भागात हिंदी चित्रपटसंगीत आलं आणि सगळ्यांचे खांदे सैल झाले. निवेदकाने गोव्याच्या वादकांची आठवण काढली, ते बरं केलं. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून ही मंडळी मुंबईला आली आणि त्यांच्याशिवाय चित्रपटांचे वाद्यवृंद उभेच राहिले नसते. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आल्दोनाचे आंतोनियो वाझ, या जोडीने १९५०च्या आसपास पितळेला हिंदी गाण्यात जी जागा दिली ती अजून सुटलेली नाही. ट्रंपेटवर एका मुलीने संथ गाण्याचा अंतरा वाजवला. मधल्या एका जागी कागदात नसलेली छोटी मुरकी घेतली. बाहेर पडताना मी तिला शोधून शाबासकी दिली. ती म्हणाली, "सर ओरडतील." सर मागेच उभे होते आणि हसत होते.

रविवार

ठाणे. स्टेशनवरून चालत आधी मामलेदार मिसळ, रविवारची रांग धरून. मिसळ तिखट हवी का मध्यम, असं विचारतात तेव्हा मिरजेच्या माणसाने मध्यम म्हणू नये. मग जांभळी नाक्यावरून तलावपाळी. मासुंदा तलावाभोवती सकाळपासून वर्दळ, एकीकडे कौपिनेश्वराचं मंदिर, दुसरीकडे जुनं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. चर्चची प्रार्थना नुकतीच सुटली होती. ठाण्या-वसईच्या ईस्ट इंडियन कुटुंबांतही लग्नाला ब्रास बँड लागतो, असं भाच्याच्या एका मैत्रिणीने सांगितलं, ती चरईची. म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांना, आगरी मांडवात आणि ख्रिस्ती घरात, वधूला सामोरं जाणारं वाद्य एकच.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्याच वर्षी सप्टेंबरात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत ब्रास बँडची मोठी स्पर्धा पहिल्यांदा भरली, हे मला शनिवारच्या व्याख्यानात कळलं. गावोगावचे कामगार आपापली वाद्यं घेऊन रेल्वेनेच तिथे पोचत. ट्यूबाची नळी उलगडली तर पाचेक मीटर भरते. असलं धूड घेऊन बैलगाडीने किती लांब जाणार? ठाणे स्टेशनच्या जिन्यावर आमच्या मुलांनी दोन ट्यूबा गर्दीतून डोक्यावर धरून नेल्या तेव्हा हे आठवलं. लोकांनी वाट करून दिली, एका हमालाने तर स्वतःहून एक उचलली.

संध्याकाळची मैफल तलावाकाठच्या राम गणेश गडकरी रंगायतनात. दारात स्वागताला तुतारीवाले होते, फेटा बांधून. प्रत्येक पाहुण्याला तुतारी, आणि कार्यक्रम सुरू झाला की त्यांचं काम संपलं. ट्यूबावादक मात्र आत जायलाच तयार होईना. त्याने त्यांच्याकडून तुतारी मागून घेतली, दोन फुंकरी वाया गेल्या, तिसऱ्याला स्वर लागला. मग तुतारीवाल्यांनी ट्यूबा मागितली आणि पहिल्याच फुंकरीत असा खर्ज काढला की पायऱ्यांवरची गर्दी वळून पाहू लागली. पितळी वाद्यांच्या महोत्सवात तुतारी दाराशीच राहावी, हे मला पटलं नाही आणि मी तसं आयोजकांना तोंडावर सांगितलं. तिला कळा नाहीत, म्हणून तिच्यात काही कमी आहे असं नाही. शुक्रवारच्या कार्यशाळेतला पहिला धडा ती रोज वाजवते.

आत जे ऐकलं त्यासाठी मी पुन्हा रात्रभर प्रवास करीन. जोव्हान्नी गाब्रिएली हा संगीतकार १५८५पासून व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये ऑर्गनवादक होता. तिथे समोरासमोर सज्जे आहेत. त्याने वादकांचे गट वेगवेगळ्या सज्ज्यांत बसवले आणि त्यांना एकमेकांशी बोलतं केलं. रंगायतनात त्याची रचना वाजवायला बाल्कनी वापरली: निम्मे वादक मंचावर, निम्मे बाल्कनीत, मध्ये आम्ही. दिवे तसेच चालू ठेवले, कारण बाल्कनीतल्यांना मंचावरचा हात दिसायला हवा.

मंचावरून एक वाक्य आलं, सावकाश, ट्रोम्बोनचं. ते संपत असतानाच डोक्यामागून उत्तर आलं, तेच वाक्य ट्रंपेट आणि हॉर्नवर, किंचित उशिरा, कारण आवाजालाही अंतर कापायला वेळ लागतो. काही जण मान वळवून मागे पाहत होते. मी डोळे मिटले. वाक्यं लहान होत गेली, प्रश्न आणि उत्तर एकमेकांवर चढू लागले, आणि एका ठिकाणी सगळे एकदम एका स्वरसमूहावर थांबले. त्यात गंधार बाल्कनीतल्या हॉर्नकडे होता. त्या बाईंनी तो पेटीच्या जागेवर ठेवला नाही, शुक्रवारी तंबोऱ्यावर धरला होता तिथे आणून सोडला, आणि त्या क्षणी खालच्या ट्यूबाचा षड्ज दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटला. कोणीही जोर वाढवला नव्हता. स्वर स्वराला मिळाला की असं होतं, हे मी मुलांना वीणेवर, तंबोऱ्यावर सांगत आले आहे. इतक्या मोठ्या आवाजात ते कधी अनुभवलं नव्हतं. छातीच्या पिंजऱ्यात ऐकू आलं. भाचा मंचावर चौथा बसला होता, त्याचे गाल लाल झाले होते.

नंतर तलावपाळीवर सगळ्यांनी भेळ खाल्ली. हॉर्नवाल्या बाईंना मी मिरजेला या म्हटलं, मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी होणाऱ्या संगीत सभेला. त्यांनी तारीख लिहून घेतली.

सोमवार

मास्तरांची तालीम गावठाणातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये होते. भिंतीवर लाल कोट टांगलेले, कोपऱ्यात ड्रम, एका पोराच्या हातात पिस्टनला घालायच्या तेलाची बाटली. लगीनसराईची सुपारी रोजची, तरी सकाळी दोन तास तालीम चुकत नाही. प्राध्यापिका बाईंचा फोन आदल्या रात्रीच येऊन गेला होता. पुढच्या वर्षी बँड मंचावर हवा, असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी विचारलं होतं की मानधन किती आणि पोरांची नावं पत्रिकेत छापणार का. दोन्हीला हो आलं, तेव्हा ते तयार झाले.

भाच्याने ट्रोम्बोन काढला. मास्तरांनी तो हातात घेऊन पाहिला, नळी पुढेमागे सरकवली आणि म्हणाले, "हिच्यावर तर धवला सोपा जाईल." मग स्वतः गाऊन दाखवलं, एकेक ओळ. भाचा वाजवायचा, ते मान हलवायचे, परत गायचे. तो गंधार त्याला पाच-सात वेळा निसटला. नळी किती सरकवू, असं त्याने विचारलं तर मास्तर म्हणाले, "मोजू नको. बाई कशी म्हणते ती ऐक." मला पनवेलहून दुपारची गाडी होती, म्हणून मी निघाले तेव्हा त्यांचं चालूच होतं. ठरलंय असं: भाच्याने दर मंगळवारी परीक्षा नसेल तेव्हा तालमीला जायचं, नोटेशनच्या वह्या घरी ठेवायच्या, आणि मास्तरांच्या धाकट्या नातवाला युफोनियम धरायला शिकवायचं.